रांजण धुणारा

द्राक्षं उतरायच्या आधी, सप्टेंबरात,
अलाझानीच्या खोऱ्यातून मला बोलावणी येतात.
इथे वाइनचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले,
उभा माणूस मावेल एवढे,
आणि धुवायचे तर कुणाला तरी आत उतरावं लागतं.

आधी दोरीला बांधून मेणबत्ती सोडायची.
विझली, तर आतली हवा माणसाची नाही.
तगली, तर शिडी.
मग चेरीच्या सालीचा ब्रश, चुना, पाणी,
आणि गाणं.
गाणं वरच्यांसाठी:
आवाज थांबला की त्यांनी ओढून काढायचं.

वास कधी एकटा येत नाही.
बहिणीच्या लग्नात शिंगातून एका दमात प्यालेलो, ते येतं,
त्यानंतरची अकरा वर्षं येतात,
मला न आठवणारी,
नाझिब्रोलाला तारीखवार पाठ असलेली.

चार वर्षं, दोन महिने.
दिवस मी मोजत नाही.
मोजतो. खोटं कशाला?

धर्मगुरूला आम्ही मामा म्हणतो,
आमच्या भाषेत मामा म्हणजे बाप.
मामा पिमेन म्हणाले, लढू नकोस, तू हरशील.
हात कामाला लाव, जीभ प्रार्थनेला.
आणि नाकाचं काय, मामा?
ते हसले. नाकाचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बुडाशी नेहमी थोडी उरते. ओंजळभर.
म्हणून उतरल्या उतरल्या पहिली मूठ चुन्याची, बुडात,
विचार पोचायच्या आत.
चार वर्षं माझी सगळी साधना एवढीच:
मनाच्या आधी हात.

गुर्जानीला, विधवा मझेखाच्या अंगणात,
चुन्याची बादली वर राहिली.

मी खाली. पायाशी ओंजळभर,
मधाच्या रंगाची, निवळलेली,
आणि तिच्यात मेणबत्तीची ज्योत, उलटी.
वर आभाळ ताटलीएवढं.
पाप करायला इतकी बंद जागा
दुसरी कुठे मिळणार?
म्हटलं, आम्हास परीक्षेत आणू नकोस,
आणि पुढचे शब्द येईनात.
आणलंसच की, मी म्हणालो. आणलंस ना?

तो काही बोलला नाही.
मी खाली बसलो. तळवा बुडवला.
गार होती.

गाणं कधी थांबलं, मला कळलं नाही.
वरून मझेखा ओरडली,
मालखाझ! कुठे आहेस?

काय वेडा प्रश्न.
रांजणात माणूस कुठे असणार?
पण बागेत, झाडाआड लपलेल्या पहिल्या माणसालाही
हेच विचारलं होतं, आणि विचारणाऱ्याला
ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं.

आहे, मी म्हणालो.
रांजण म्हणाला, आहे, आहे, आहे.
चुना सोड खाली.

एवढंच घडलं. बादली आली.
हात मी विजारीला पुसला, तर दिवसभर विजार दरवळत राहिली.
घरी नाझिब्रोलानं रोजच्यासारखं
तोंडाजवळ तोंड आणलं, श्वास घेतला,
मग विजारीकडे पाहिलं,
आणि काही न विचारता ती भिजत टाकली.

रविवार त्याहून अवघड.
प्याल्यात भाकर आणि द्राक्षारस एकत्र, सोन्याचा चमचा,
रांगेत पुढे म्हातारी, मागे पोरं.
हात छातीवर एकमेकांवर ठेवलेले.
रीतच आहे तशी, पण मला वाटतं
माझ्यासारख्या कुणाला पाहूनच ती पडली असावी.
मामा पिमेन माझ्यापुरता कण घेतात, जेमतेम ओला.
तोंड उघडतो.
जीभ ओळखते, लगेच, जुन्या मित्राला ओळखावं तशी.
लाल फडक्यानं कुणी ओठ टिपतं.
दुसरा चमचा मागायची सोय नाही.
मागावासा वाटतो. अजून वाटतो.
हे मी मामांना सांगितलंय. त्यालाही सांगितलंय.

उद्या तेलावीच्या वाटेवर सात रांजण आहेत.
चुन्याची पुरचुंडी आता
मी कमरेलाच बांधतो.