रात्री तीनचं दार

येर्को, आधी मीटर. मग स्क्रूड्रायव्हर.
आणि काहीच सापडलं नाही तर, अगदी शेवटी, मत.

बटण नीट बघ.
मागे दोन तारा, एरवी अबोला धरलेल्या.
बोट दाबतं तेव्हा एकीचं दुसरीला कळतं,
दुसरीकडून कंट्रोलरला,
तो चुंबकाची वीज तोडतो
आणि पावणेतीनशे किलोंची पकड
सुटते. पाच सेकंद.
माणसाला बाहेर पडायला तेवढे पुरतात.
हातात खेकड्यांचा क्रेट असेल तर सात ठेव.

पुंता आरेनासच्या धक्क्यावरच्या या कारखान्याचं
मागचं दार
ऑक्टोबर लागल्यापासून रात्री तीनच्या सुमाराला
आपोआप उघडतं.
पहारेकरी डॉन एलेओदोरो सांगतो, मुकादम येतो.
दोन वर्षांपूर्वी गेलेला,
याच दारानं सिगारेट ओढायला बाहेर पडणारा.
"हिरवा दिवा लागतो, बाई.
कुणी दाबल्याशिवाय लागतो का?"

प्रश्न चुकीचा नाही.

मॅनेजरनं तीनदा बटण बदलून घेतलं.
रोग हल्याला, औषध पखालीला.
पहिलं स्टीलचं, दुसरं भूछत्रासारखं फुगलेलं,
तिसरं नुसता हात दाखवला तरी समजणारं;
त्यानं तर माशीलाही बाहेर सोडलं.

म्हणून आज बटणच काढून ठेवलं.
दोन्ही तारा भिंतीतून लोंबताहेत,
एकमेकींपासून वीतभर लांब.
आपण तिघं उलट्या क्रेटवर,
हातात येर्बाचा कडू काढा, नळी एकच.

दोन छप्पन्न.
सामुद्रधुनीवरून वारा उठला.
पत्र्यानं आधी ऐकला, मग आपण.
दारानं चौकट बाहेर ओढली,
केसभर,
आणि टक्.

भिंतीवर बटण नव्हतं, दार उघडं होतं.
डॉन एलेओदोरोनं छातीवर क्रूस काढला,
तू माझ्याकडे बघितलंस,
मी चौकटीकडे.
भूत असेल तर असू दे, पोरा,
पण टक् हा आवाज रिलेचा आहे,
आणि रिले मेलेल्यांचं ऐकत नाही.

कंट्रोलरकडून तारा सोडवल्या. मीटर बीपवर.
तू खांद्यानं चौकट रेटलीस: बीप.
सोडलीस: गप्प.
रेटलीस: बीप.
असं तू सहा वेळा केलंस, चारच पुरे होते,
पण तुझं तोंड बघून मी थांबवलं नाही.

पट्टी उचकटली.
आत केबलच्या मधोमध एक स्क्रू,
दोन्ही तारांच्या कातडीत दात रोवून.
अकरा वर्षं वारा चौकट हलवत राहिला
आणि स्क्रू प्लॅस्टिक चघळत राहिला.
पितळी, सपाट डोक्याचा.
असे स्क्रू या गावात एकच बाई वापरायची,
स्वस्त पडायचे म्हणून.

तो दिवसही आठवतो.
अंधार पडत आला होता, शिडी उसनी आणलेली,
आणि शिडीचा मालक खाली उभा.
कारणं आठवतात,
म्हणून ती चालतात असं नाही.

"म्हणजे तो नव्हताच?" डॉन एलेओदोरोनं विचारलं.
नव्हता.
तो बराच वेळ टॉर्च चालू-बंद करत बसला.
"त्याच्या भीतीनं मी तीनला जागा असायचो," म्हणाला,
"आता झोप लागेल,
आणि मॅनेजर पगार कापेल."

नवी केबल पाइपातून ने,
भोकाच्या कडेला रबर बसव,
स्क्रू मारण्याआधी बोटानं चाचप, आत काय आहे.
बिलावर मजुरी शून्य लिही.
बिघाडाच्या रकान्यात लिही: जुना स्क्रू.
थांब. खोड ते.
लिही: नेलिदा बार्रिआचा स्क्रू.
बार्रिआत र दोन.

आणि बटण परत लावशील ते
जमिनीपासून एक मीटरवर लाव, वर नको.
दोन्ही हात भरलेल्या माणसाचं
कोपर तिथवर येतं.