अबोल्याचा दर

राश्तच्या खोऱ्यात मी तीन दिवस होते.
एक वही, एक कॅलक्युलेटर, उसने गमबूट.
शाळेच्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या,
मध्ये हिरवा चहा, सुकवलेले जर्दाळू
आणि माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोर.

मी विचारलं, महिन्याला किती परवडेल?
कुणीच बोललं नाही.
चूक प्रश्नातच होती. इथे महिना नसतो.
एप्रिलात बस सुटते तेव्हा पैसे येत नाहीत, जातात:
तिकिटाचे, परवान्याचे, दलालाचे.
मे सरता सरता पहिली रक्कम येते.
नोव्हेंबर संपला की सुर्गुतमधलं बांधकाम गोठतं,
आणि इथली चूल हात राखून पेटते.
बारा रकाने मी दुशान्बेतूनच आखून आणले होते.
पाच खोडले.

सात महिने, चौदा सोमोनी.
सवरीनिसो हिशेबाला पक्की. म्हणाली,
म्हणजे चार नान. हफ्त्याला एक.
(हफ्ता म्हणजे इथे आठवडा;
हप्ता ठरवायला आलेल्या मला ते बरंच पडलं.)
मग तीच हसली,
सासूला कळणारही नाही,
ती नान मोजत नाही, माझी उठायची वेळ मोजते.

मचाणावरून पडला तर. बोटं करवतीत गेली तर.
पुढचं वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला.
दारातून दवलतशो म्हणाला, पेटी म्हण, पेटी.
विमानाचं भाडं देतेस, ठीक.
विमानतळापासून इथवर कोण देतं?
भावाला त्यानं बटाट्याच्या ट्रकमधून आणलं होतं.
घाटात दोनदा पोती सरकली.
दोन्ही वेळा तो पेटीला म्हणाला, माफ कर.

माझ्या तक्त्यात विमान होतं,
घाट नव्हता.
लिहिलं: विमानतळ ते दार.
दर दीड सोमोनीनं चढला. कुणी कुरकुरलं नाही.

नाझोकत शेवटपर्यंत गप्प.
पेले गोळा करताना म्हणाली, आणि जो मेला नाही तो?
दोन वर्षं फोन उचलत नाही.
आधी वाटलं, पैसे संपले असतील फोनमधले.
मग गावातल्या एकानं त्याला तिकडच्या बाजारात पाहिलं,
बरोबर बाई, हातात कांद्यांची पिशवी.
म्हणजे हात शाबूत आहेत, ती म्हणाली.
मग माझं नुकसान तू कुठल्या कलमात घालशील?

हजारात किती पडतात, मला माहीत आहे.
किती जणांची फुप्फुसं सिमेंटनं भरतात, तेही.
अबोल्याचा दर कुठल्याच तक्त्यात नाही.
स्वतःहून केलेली गोष्ट जोखमीत धरत नाहीत,
असं मला शिकवलं होतं.
पण हिनं कुठे काय केलं होतं?

कचेरीत हिकमतुल्लोनं सगळं वाचलं.
सात महिने: चालेल.
घाट: बघू.
नववं कलम त्यानं दोनदा वाचलं.
सलग सहा महिने घरी पैसे आले नाहीत,
तर कारण न विचारता पीठ, तेल, कोळसा.
म्हणाला, नवरा-बायको संगनमतानं अबोला धरतील.
म्हटलं, धरू देत. सहा महिने धरून दाखवा म्हणावं.
तो हसला नाही. म्हणाला, दर काढून आण.

अजून काढतेय.
रात्री अकरा वाजलेत, आणि कुणाला विचारायचं तेच कळत नाही.
समोर भरून आलेले एकोणीस अर्ज.
नाझोकतचा सगळ्यात वर,
चौदा सोमोनी आणि वर दीड, रुमालाच्या गाठीत.
वारस: मुलगी, वय सहा.
विमा कुणाचा, तिथे नवऱ्याचं नाव असेल
असं धरून मी पुढे चालले होते.
तिनं स्वतःचं लिहिलंय.
कामाचं ठिकाण: सुर्गुत.
तारखेच्या जागी नुसतं, एप्रिलची बस.