मधोमध

सकाळी आठ, फोंडा. गाडीत बसल्या बसल्या
चिझुकोबाईंनी पंखा, टोपी, ओला रुमाल
मांडीवर ओळीने मांडले.
"क्योटोत याहून उकडतं," म्हणाल्या, आणि घाम पुसला.

मंगेशीला चपला काढल्या तर अंगणाचा तवा.
बहात्तर वर्षांची बाई उड्या मारत
दीपस्तंभाच्या सावलीत.
सावली ती केवढी!
दोघं उभे राहिलो एकेका पायावर,
बगळ्यांसारखे.

म्हार्दोळला मी नेहमीचं सांगितलं:
हे देव इथले नव्हेत, बाई.
जुवारी ओलांडून आले, रातोरात, जीव मुठीत धरून.
त्या म्हणाल्या, आमच्या इसेची देवी
दर वीस वर्षांनी घर बदलते.
शेजारीच. लाकूड नवं, देवी तीच.
कुणी पाठीस लागलेलं नसतं, तरी.

बांदोड्याच्या तळीवर
आधी डावा हात धुतला, मग उजवा, मग चूळ.
माशांना चुरमुरे टाकणारी पोरं
चुरमुरे विसरली.

कोकमाच्या सरबताबरोबर नवऱ्याची गोष्ट निघाली.
बोटीवर इंजिनियर. मुरगावला यायचा खनिज न्यायला,
बंदराच्या फाटकाबाहेर कधी पडला नाही.
घरी परतला की मोजे तांबडे,
धुऊनही तांबडे.
मी गिअर बदलला.
आमच्या दोरीवर बाबांचे सदरे तसेच वाळायचे,
बार्जवर होते ते, डिचोलीकडे.

कवळ्याच्या पुढे, आडवाटेला, एक लहान देऊळ.
वीज गेलेली. भटजी निजलेले, उठून आले,
देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या:
उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको.
बाईंनी प्रश्न जपानीत विचारला.
"देवाक कळटा," भटजी म्हणाले.

अर्धा तास.
माशी बसली, उडाली. पाकळी हलेना.
मग एक पडली,
सरळ मधोमध.
भटजींनी डोकं खाजवलं.

आमच्याकडे, बाई म्हणाल्या, नको ते उत्तर आलं
की चिठी झाडाला बांधून निघून जायचं.
हे नको ते आहे की हवं ते?
कुणालाच सांगता येईना.
पार्किंगच्या पावतीत पाकळी गुंडाळली,
ओवळीच्या फांदीला गाठ मारली,
सैलच.
पेटीत नाणं टाकलं, मधे भोक असलेलं.

अजून भटजी फोन करतात:
ते नाणं बँक घेत नाही रे, काय करू?
राहू द्या पेटीत, मी म्हणतो.
पावतीचं विचारत नाही.