भाडेपावती

फेब्रुवारीतला शनिवार, लक्ष्मीपुरी,
मगदूम कर सल्लागार, जिन्यावरून वर.
नंबर लावून बसलेले आम्ही:
उद्यमनगरातला फोरमन, दोन मास्तर,
आणि मी, जिल्हा परिषद, बांधकाम विभाग.
प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी,
पिशवीत विमा, पीपीएफ, घडी पडलेला फॉर्म सोळा.
फोरमननं पोराच्या बुटांचं बिलही आणलेलं.
"फी तेवढी चालते," मगदूम म्हणाले,
"बूट-मोजे सरकार धरत नाही."

माझी बेरीज दीड लाखाच्या अलीकडंच थांबली.
"राहता कुठं?"
"शुक्रवार पेठेत. आईकडं."
"घर कुणाचं?"
"आईचंच. वडील गेल्यावर नावावर चढलं."
"मग भाडं द्या की."

मी हसले. ते हसले नाहीत.
"एप्रिलपासून. मागच्या तारखा घालायच्या नाहीत.
आणि नुसती पावती नको हं, पैसे खरंच द्यायचे,
खात्यावरनं खात्यावर.
मुंबईला पगाराच्या पन्नास टक्क्यांपर्यंत धरतात,
आपल्याला चाळीस."
आपण मुंबईपेक्षा किती कमी
हे कुठंतरी एकदाचं लिहून ठेवलंय तर.

नऊ हजार ठरले.
वर्षाचं लाखावर गेलं
की घरमालकाचं पॅन लागतं.
घरमालक त्या वेळी उंबऱ्यात बसून
लसूण सोलत होती.

कार्ड आलं.
आईनं उलटंपालटं करून बघितलं.
"ह्यांचं नाव कुठाय?"
"पॅनवर नवरा नसतो आई. वडील असतात."
चष्मा पदराला पुसून तिनं वाचलं:
ज्ञानू सातापा चौगले.
लग्न झाल्यापासून, म्हणजे पन्नास वर्षं,
ते नाव तिच्या नावाजवळ कुणी लिहिलं नव्हतं.
मग ती कार्ड घेऊन शेजारी गेली
आणि आमटी उतू जाईपर्यंत आली नाही.

पहिलं भाडं तिनं नुसतं पासबुकात बघितलं.
दुसऱ्या महिन्यात मोरीचा नळ बदलला,
चार वर्षं गळत होता.
"घरमालकानं बघायला नको व्हय?"
घरफाळा भरायला स्वतः रांगेत उभी राहिली,
माझ्या हातात पैसे देऊन पाठवायची, ते बंद.
खात्यावरनं दिलेल्या भाड्याला
पावतीवर तिकीट लागत नाही, हे मी सांगितलं.
"लाव तू," म्हणाली.
"तिकिटाबिगर सही सहीसारखी दिसत नाही."

मी सासर सोडून आले त्याला अकरा वर्षं झाली.
भाऊ पुण्याहून दर दिवाळीला विचारतो,
"मग, तिथंच का अजून?"
इतकी वर्षं मी स्वयंपाकघराकडं बघायचे
आणि फोन आईकडं द्यायचे.
यंदा म्हणलं, "हो. भाडेकरू आहे मी."
तो हसला.
त्याला वाटलं, टॅक्सचा विनोद.

यंदा मगदूमांनी पडद्यावर दोन रकाने मांडले,
जुनी पद्धत, नवी पद्धत.
"नवीत तुमचं कमी बसतंय बघा.
विमा दाखवायला नको, भाडं दाखवायला नको.
सुटला तुम्ही. बंद करा ते आता."
मला वाटलं, मी खूश व्हायला हवं.
जिन्यात फोरमन भेटला,
बुटांचं बिल ह्या वर्षीही होतं त्याच्याकडं.

एक तारखेला रात्री
आकडा टाकला, पिन टाकला, पैसे गेले.
आईच्या फोनची घंटी वाजली पलीकडच्या खोलीत.
ती पावतीबुक घेऊन आली,
तिकिटाला जीभ लावली, अंगठ्यानं दाबलं,
आडव्या अक्षरात सही केली, आक्काताई,
आणि मग विचारलं, "ह्या साली किती वाचलं गं?"
"काहीच नाही."
ती थांबली. पेनाचं टोपण शोधलं. लावलं.
मला वाटलं, आता म्हणेल, मग राहू दे बाई.

"बरं," म्हणाली,
"एप्रिलपासनं पाचशे वाढवते.
रंग काढायचाय."