जाड ल

हॅमरस्मिथच्या पुलाअलीकडे माझा छापखाना,
वर दाताचा डॉक्टर.
दिलसोज हमासालिह पहिल्यांदा आले ते ओल्या कोटात,
पत्रकाचा मजकूर घेऊन. साल अठ्ठ्याऐंशी, मार्च.
मी म्हटलं, मेलेल्यांचा आकडा राहिलाय.
म्हणाले, जागा सोडा. मोजतायत अजून.

मी सोलापूरचा जुळारी.
कोऱ्या जागेलाही शिसं लागतं, हे मला ठाऊक.
चार अंक मावतील एवढी सोडली.
पुरेल का, ते विचारलं नाही.

पुढे कार्डं.
'प्रतिनिधी', आणि खाली कुणाचे ते.
परराष्ट्र खात्यातला कुणी साहेब ती खालची ओळ वाचून
कार्ड दोन बोटांनी टेबलावरून परत सरकवायचा.
चहा मात्र पाजायचा.
ओळ काढू का? नको. एक पॉइंट मोठी करा.

त्यांच्या नावातला ल जाड,
डोक्यावर चिमणीच्या पावलाएवढी खूण.
माझ्याकडे तो खिळा नव्हता.
अडीचशे कार्डांवर बारीक निबने हाताने काढली.
म्हटलं, आमच्यातही दोन असतात, ल आणि ळ.
तर ते ळ शिकायलाच बसले,
केळं, बाळ, काळ.
तिसऱ्या चहाला जमला.

मग मंत्री झाले, तिकडे डोंगरात.
सोनेरी कडा, ऑर्डर फोनवर,
बोलणारा सेक्रेटरी.
त्याच वर्षांत त्यांच्याच दोन पक्षांनी
एकमेकांवर बंदुका रोखल्या.
त्याबद्दल मला एकदाच म्हणाले, मी सही केली होती.
कशावर, ते नाही.
कटिंग मशीनच्या पात्याकडे बघत राहिले
आणि मी उगाच कागदाचे भाव सांगत बसलो.

परतले तेव्हा केस पांढरे, मागे मुलगी, दोन बॅगा.
विचारलं, 'माजी' घालू?
लोक माजी झालेत का? म्हणाले.
शेवटी नुसतं नाव आणि फोन.
तो फोनही बरेचदा लागायचा नाही.

परवा शिलान आली, वडील गेल्याचं पत्रक छापायला.
जन्मतारीख? एक जुलै, म्हणाली,
आणि रडता रडता हसली.
आमच्यात निम्म्यांची एक जुलैच, काका,
कारकुनाला कुठे वेळ होता.
आजी सांगायची, अक्रोड झोडपायच्या दिवसांत झाला.
मी एक जुलैच छापली.

एक गठ्ठा अजून माझ्याकडे पडून आहे.
पोस्टकोड चुकला होता, माझाच हात.
पाठकोऱ्या बाजूला सामानाची यादी लिहितो:
कोथिंबीर, पोहे, हिच्या गुडघ्याचं मलम.

काल ईलिंगला, काउंटरवरच्या पोराने
यादी हातात घेतली, उलटी केली,
खुणेवर बोट ठेवलं
आणि नाव वाचलं,
ल जाड.