कोऱ्या जागेसकट बेचाळीस किलो

भंगारवाला बाराचा भाव सांगत होता.
दस्तगीर मिस्त्री म्हणाला, मेरेकू देव मास्तर,
अठरानं घेतो, आणि काटा तुम्हीच धरा.

उदगीरला चौबाऱ्याच्या मागं त्याचं दुकान.
पाटीवर बंदूक दुरुस्ती, परवाना नंबर,
आणि खाली खडूनं, उधार बंद.
त्याची पावतीबुकं मीच जुळवायचो.

मन्मथप्पा बिरादारांकडं आजोबांची रायफल आहे,
हैदराबादेत घेतलेली. खालची कडी ओढली की
खटक्, रिकामं काडतूस बाहेर, भरलेलं आत.
तिची गोळी आता कुठल्या दुकानात मिळत नाही.
म्हणून दस्तगीर ओततो.
छापखान्याचं शिसं जातीचं कडक, म्हणतो,
त्यात जुन्या नळाचं मऊ घालावं लागतं,
नाहीतर नळीतल्या आट्यांना गोळी जुमानत नाही.

मी स्टुलावर बसलो.
आधी क गेले. क नेहमीच जास्त असतात.
मग वेलांट्या, उकार, पाय मोडलेले त.
एक 'शुभविवाह' बांधलेलाच राहिला होता,
सुतळी जळाली तरी कढईत थोडा वेळ उभा,
मग खालून सुटत गेला.
ळ घासून गुळगुळीत झालेले,
प्रत्येक पत्रिकेत स्थळ, प्रत्येक पत्रिकेत वेळ.
ऋ मात्र कोरा करकरीत. चाळीस वर्षांत
एक ऋषिपंचमी आणि
पाटलाच्या नातीचं बारसं, ऋतुजा.

त्यानं मेणाचा खडा टाकला. भपकन् जाळ.
काळी मळी वर आली, ती झाऱ्यानं बाजूला.
ती शाई असावी, मी म्हणालो.
मळी है, तो म्हणाला.

साच्याला चिमणीची काजळी धरली, तरी
पहिल्या दहा गोळ्यांना सुरकुत्या.
साचा थंडा है अभी.
त्या परत कढईत.
अकरावी चकचकीत पडली, नाक चपटं.

कामून चपटं?
या बंदुकीत गोळ्या एकामागं एक
नळीत ओळीनं राहतात मास्तर.
मागचीचं नाक पुढचीच्या टोपीला टेकतं.
टोकदार केली तर धक्का बसून आतच भडका.
मी काही बोललो नाही.
अंगठ्यानं ओळ दाबून घट्ट बसवायची सवय
अंगठ्यातच राहिली आहे.
गोळी हातात आली तशी उलटी धरून
वाचायला गेलो.

बेचाळीस किलोत अक्षरं किती असतील?
निम्मी तर कोरी जागा.
दोन शब्दांमधली, दोन ओळींमधली,
परिच्छेद संपल्यावरची.
शाई लागू नये म्हणून त्यांना बुटकं ओतलेलं असतं.
कुणी वाचत नाही, पण काढली की
अख्खं पान हातात सांडतं.
त्यांचंही तेच शिसं, तोच भाव.
कुठली गोळी अक्षराची, कुठली जागेची,
हे आता दस्तगीरलाही सांगता येणार नाही.

शनिवारी खदानीवर गेलो तिघं.
मन्मथप्पांनी परवाना खिशातून काढून
आम्हालाच दाखवला, मग कडी ओढली, नेम धरला.
टक्.
बस तेवढंच. आम्ही श्वास धरून उभे.
बऱ्याच वेळानं त्यांनी पुन्हा कडी ओढली,
काडतूस मुरुमावर पडलं, भरलेलं तसंच.
टोपी मेली उसकी, दस्तगीर म्हणाला,
गोली अच्छी है मास्तर,
जणू माझंच पोर नापास झालं होतं.

दुसरी गेली. खदानीतले पारवे
गावाकडं निघून गेले.
मी डबरीत शोधायला उतरलो नाही.

संध्याकाळी हिशेब. सातशे छप्पन.
ती न उडालेली गोळी त्यानं काडतुसातून काढली,
कापडानं पुसून माझ्या तळहातावर ठेवली,
आणि विचारलं, हिचं वजन वजा करू?
कर, म्हणालो.
त्यानं चार आणे कापले.