एक, दोन, तीन

कपाटाच्या दाराला, आतल्या अंगानं,
येर्दानं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: एक, दोन, तीन.
एवढंच.
कशाचं एक, कशाचे दोन,
हे लिहायची तिला गरजच पडली नाही.
चव्वेचाळीस वर्षं माझं काम
मासळी आणून द्यायची, आणि लुडबुड न करता
धक्क्यावर जाऊन बसायचं.

यंदा खारवलेल्या हेरिंगची बादली
ओट्यावरून माझ्याकडेच बघत होती.
रात्रभरात तीनदा पाणी बदललं.
मीठ सुटू द्यायचं, पण सगळं नाही,
हे मात्र हातांना कुठूनसं ठाऊक होतं.

पहिली बरणी: साखर एक, पाणी दोन, व्हिनेगर तीन.
मांजरानं वास घेतला आणि उठून गेलं.
दुसरी: व्हिनेगर एक, पाणी दोन, साखर तीन.
पाकातले मासे!
येर्दा असती तर पोट धरून हसली असती.

गुरुवारी पायाची पट्टी बदलायला मारीत आली.
म्हणाली, खात जा हं, यात ड जीवनसत्त्व असतं,
ओमेगा-थ्री असतं,
आपल्याकडच्या नोव्हेंबरात ऊन असं माशातूनच येतं.
मीठ तेवढं जपून.
मी मान डोलावली.
माझ्या आजोबांना जीवनसत्त्वाचं एकही अक्षर माहीत नव्हतं.
ते सांगायचे, हेरिंग पिढ्यान्‌पिढ्या येतात,
मग पिढ्यान्‌पिढ्या फिरकत नाहीत,
कुणाशी भांडण झालं, ते समुद्र सांगत नाही.
आले, की बेटावर बटाटे आणि हेरिंग,
हेरिंग आणि बटाटे,
वसंतापर्यंत.

शेवटी दुकानात गेलो.
गल्ल्यावर लुंडबर्गांची धाकटी, नाकात चमकी,
फोनमधून मान वर न करता म्हणाली,
"व्हिनेगर एक, साखर दोन, पाणी तीन.
कुणालाही माहीत असतं."

कुणालाही.

घरी येऊन पाक उकळला, पूर्ण गार होऊ दिला,
कांदा, गाजर, ऑलस्पाइस, तमालपत्र,
आणि बरणी तळघरात मुरायला ठेवली.
दुसऱ्याच दिवशी मिडसमर.
कुरणावर सगळे नाचले,
मी शेजाऱ्यांकडचे हेरिंग खाल्ले, चांगले होते,
लोक म्हणाले, तोर्स्टेन, येर्दाचे आणले नाहीस?
म्हटलं, मुरताहेत.

चौथ्या दिवशी झाकण उघडलं.
नवे बटाटे, शेपू, आंबट साय.
एकट्यानं खाल्लं, खिडकी उघडी टाकून.
कांदा जरा जाड चिरला गेला होता.